कुलुपाआडची मुक्ति

माणसाला त्याच्याच हितासाठीं बांधून ठेवण्याचा अधिकार दुसऱ्यास पोंचतो काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गांत मीं अनेक वर्षें मांडीत आलों. तो माझ्या दाराशीं येऊन उभा राहील, असें मात्र कधीं वाटलें नव्हतें. पंधराएक वर्षांपूर्वीं कऱ्हाडकडील एक शेतकरी गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. बुद्धीनें तल्लख, पण दारूनें पुरता ग्रासलेला. त्याला रात्रीं झोपेंतून उचलून एका व्यसनमुक्तिकेंद्रांत नेऊन ठेवण्याचा बेत नातेवाइकांनीं केला होता. "सर, तुम्ही म्हणाल तसं करतो," एवढेंच ते म्हणाले, आणि मीं होकार दिला. तीन महिने मुलगा कुलुपाआड राहिला. बाहेर आला तो अंगानें भरलेला. पण पंधरवडा उलटण्यापूर्वींच पुन्हां पिऊं लागला. मीं कारण विचारलें तेव्हां तो शांतपणें म्हणाला, "सर, तिथं मी प्यालो नाही हे खरं, पण 'नको' म्हणायची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही."

या उत्तरानें मला माझीं जुनीं टिपणें पुन्हां चाळावयास लाविलें. कऱ्हाडजवळच्या टेंभू गांवीं जन्मलेल्या आगरकरांच्या विचारावर ज्याची दाट छाया पडली, त्या मिल्लनें १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथांत म्हटलें आहे कीं, स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचें स्वातंत्र्य कोणासही असूं शकत नाहीं. बापाची बाजू याहून चांगली कोण मांडणार? मुलानें स्वतःला बाटलीस विकलें. त्याला बळानें सोडवून आणणें म्हणजे त्याचें स्वातंत्र्यच परत मिळविणें होय. हा युक्तिवाद पोकळ नाहीं. पण त्यांतूनच एक अट निघते. गुलामास सोडवून आणणाऱ्यानें त्याची बेडी स्वतःच्या खुंटीला अडकविली, तर त्यास मुक्ति म्हणतां येणार नाहीं. दुसऱ्याचें स्वातंत्र्य घ्यावयाचेंच असेल, तर तें उसनें घ्यावें, थोड्या मुदतीनें घ्यावें, आणि परत करण्याच्या तयारीनें घ्यावें.

कांहीं प्रसंगीं देखरेख अपरिहार्य असते, हें मी नाकारीत नाहीं. वर्षानुवर्षें भरपूर पिणाऱ्यानें दारू एकाएकीं सोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय कांपतात, झटके येतात, नसलेलीं माणसें दिसूं लागतात. योग्य औषधोपचार न मिळाल्यास प्राणही जातो. म्हणजे जेथें दाराला कुलूप आहे पण उशाशीं वैद्य नाहीं, तेथें दया हीच घातक ठरते. हेतु चांगला असणें पुरेसें नसतें. प्रेमालाही ज्ञान लागतें.

आपल्या कायद्यानें हें सत्य फार मोठी किंमत दिल्यावर ओळखलें. २००१ सालीं तामिळनाडूंतील एरवाडी येथें आग लागली, आणि साखळदंडांनीं जखडलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्यानें रुग्णास साखळीनें बांधणें निषिद्ध ठरविलें, आणि मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशीं निगडित मानसिक अवस्थाही आपल्या कक्षेंत घेतल्या. संमतीवांचून दाखल करावयाचें झाल्यास दोन तज्ज्ञांनीं स्वतंत्रपणें तपासावें, आणि ही मुदत प्रथमतः ३० दिवसांपलीकडे जाऊं नये, असा दंडक घातला. कायद्याच्या रुक्ष भाषेंतही उसन्या स्वातंत्र्याचीच कल्पना आहे! परंतु कायदा मारहाण थांबवूं शकेल. निश्चय कांहीं त्याला निर्माण करतां येणार नाहीं.

निश्चय निर्माण होतो तो माणसांच्या संगतींत. १९८६ सालीं पुण्यांत डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं 'मुक्तांगण' उभें केलें; साताऱ्यांत डॉ. नरेंद्र दाभोलकरांनीं 'परिवर्तन'च्या द्वारें व्यसनमुक्तीचें काम सुरू केलें. मुक्तांगणांत स्वतः व्यसनांतून वर आलेलीं माणसें नव्या रुग्णांचीं सोबती होतात. जो स्वतः पडला होता, तो पडलेल्याला हिणवीत नाहीं. हें शिक्षण कोणत्याही भिंतीस देतां येणार नाहीं.

आमच्या कृष्णाकांठाला दारूविरुद्ध बळ वापरण्याची ओळख नवी नाहीं. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४९ पर्यंत साताऱ्यांतच मोडत असे, आणि याच भूमीवर नाना पाटलांच्या प्रतिसरकारानें दारूबंदी आपल्या कार्यक्रमांत घेतली होती. गुत्ता बळानें बंद करतां येतो. पिणाऱ्याच्या मनांतील गुत्ता त्यानें स्वतःच बंद करावा लागतो. शिवाय याच खोऱ्यांत उसाच्या मळीपासून मद्यार्क निघतो, आणि मद्यावरील कर सरकारच्या तिजोरींत जातो. त्या पैशाचे वांटेकरी आपण सारे. घसरला तेवढा मात्र एकटा दोषी, हा न्याय मला उमगत नाहीं.

म्हणून सातारा-सांगलीकडील एखादा बाप आज मला विचारील, तर मी त्याला केंद्राची भिंत किती उंच आहे हें पाहूं नका असें सांगेन. रात्रीं वैद्य येतो काय, मुलाला घरच्यांशीं एकांतांत बोलतां येतें काय, घरीं परतल्यावर त्याची विचारपूस कोण करतो, आणि पुन्हां घसरला तर त्याला अपमानावांचून आंत घेतात काय, एवढें विचारा. पुन्हां घसरणें या आजारांत वारंवार घडतें. ज्या ठिकाणीं त्यास शिक्षा होते, तेथें तें लपविलें जातें, आणि लपविलेल्या दुखण्यावर उपचार होत नाहींत.

माझा विद्यार्थी पुढें स्वतःच्या पायांनीं दुसऱ्या एका केंद्रांत गेला. मध्यें एकदां घसरला, आणि आपण होऊन परत गेला. परवां त्याच्या वडिलांनीं विचारलें, "सर, आता बरा झाला म्हणायचा का?" मला ठाम उत्तर देतां आलें नाहीं. पण माझी स्वतःची चूक मला त्या वेळीं स्पष्ट दिसली. त्या पहिल्या रात्रीविषयीं मीं बापाशीं घटकाभर बोललों होतों, मनांत मिल्लशींही बोललों होतों. मुलाला मात्र एक शब्दही विचारला नव्हता.