न दिसलेल्यांची मोजदाद

शास्त्रपाठ : १ राजे १९:९-१८

प्रियजनहो, होरेब डोंगरावर एलीयाने देवाच्या निष्ठावंतांची मोजदाद सांगितली, ती केवळ एक, म्हणजे तो स्वतः. परमेश्वराची मोजदाद सात हजारांची होती. अठराव्या वचनात त्यांना ‘राखून ठेवण्या’विषयी जे इब्री क्रियापद आले आहे, त्याच्याच धातूपासून ‘अवशेष’ हा संदेष्ट्यांच्या ग्रंथांतील महत्त्वाचा शब्द बनला आहे. एलीया खोटे बोलत नव्हता. त्याला जेवढे दिसले तेवढेच त्याने मोजले.

अमेरिकेच्या वायव्य भागात, ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांत, डग्लस फर वृक्षांची पुरातन अरण्ये आहेत. तेथील सरकारी वनांसाठी १९९४ साली जी योजना झाली, तीत सुमारे ४०० अल्पपरिचित जातींचा शोध घेण्याचे व त्यांपैकी काहींसाठी वृक्षतोडीपूर्वीच पाहणी करण्याचे ठरले. त्यांत बुरशी सर्वाधिक होत्या; शिवाय आपल्या मसाल्यातील दगडफुलाच्या वर्गातील वनस्पतीसदृश जीवही होते.

हे काम कष्टाचे ठरले. बुरशीचे तंतू वर्षभर मातीत असतात; तिची छत्री मात्र थोडे आठवडे वर येते, आणि एखाद्या वर्षी येतही नाही. म्हणून एका फेरीत दिसली नाही, एवढ्यावरून ती तेथे नाही असे म्हणता येत नाही. लोबेरिया नावाचे एक दगडफूल तर उंच शेंड्यांवर वाढते. ते हवेतील नायट्रोजन बांधून ठेवते, गळून खाली कुजते आणि त्याच वृक्षांच्या मुळांना पोसते. वाटसरूला मात्र केवळ खोड दिसते.

महाराष्ट्राबाहेरील एखाद्या शहरात मराठी उपासना चालू ठेवावी की बंद करावी, असा प्रश्न निघतो, तेव्हा आपण बहुधा एका रविवारची बाके मोजतो. अंथरुणाला खिळलेली आणि पहाटे मंडळीसाठी प्रार्थना करणारी आजी त्या मोजणीत येत नाही. पाळीच्या नोकरीमुळे न येऊ शकणारा, पण घरी लेकरांना शास्त्र शिकवणारा बापही येत नाही. मंडळी त्यांच्यावर पोसली जात असेल, तर त्यांच्या दाराशी न जाता घेतलेला निर्णय न्याय्य कसा ठरेल?

परमेश्वराने एलीयाला केवळ संख्या सांगितली नाही. त्याला परत पाठवले, अलीशाकडे पाठवले. आपणही निर्णयापूर्वी घरोघर जाऊ या, आणि एकदा नव्हे, पुनःपुन्हा जाऊ या. राखून ठेवणारा प्रभू आपणांस पाहण्याचा धीर देवो. आमेन.