एका मंत्रात दोन

महाभारताच्या आदिपर्वात एक लहानसा प्रसंग आहे. कुंतीकडून मिळालेला मंत्र माद्रीने एकदाच वापरला. पण आवाहन केले ते अश्विनीकुमारांचे, आणि ते दोघे असल्यामुळे तिला नकुल-सहदेव ही जुळी मुले झाली. पंडूने तिच्यासाठी पुन्हा विनंती केली तेव्हा कुंतीने साफ नकार दिला. एका आवाहनात दोन पुत्र मिळवून माद्रीने आपल्याला फसविले, असा तिचा आक्षेप होता. वंध्यत्वावर उपचार घेणारी दांपत्ये ‘खर्च एकदाच, तर दोन का नकोत?’ असे म्हणतात, तेव्हा मला माद्री आठवते. ही इच्छा स्वाभाविक आहे. ती निर्दोष आहे का, हा प्रश्न वेगळा.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडात लुईस ब्राउन जन्मली आणि ३ ऑक्टोबरला कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुर्गा. (मुखोपाध्यायांची सरकारी चौकशी समितीने जी अवहेलना केली, ती आम्हा नोकरशहांना आजही खाली मान घालायला लावते.) पुढे यशाची शक्यता वाढावी म्हणून एका वेळी अनेक भ्रूण गर्भाशयात सोडण्याची रीत पडली आणि जुळी-तिळी वाढली. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळे ३७ आठवडे भरण्यापूर्वीच जन्मतात. मग श्वासाचा त्रास, जंतुसंसर्ग, मेंदूतील रक्तस्राव, दृष्टीची चिंता.

अशा बाळांकडे पाहून आप्तेष्ट हमखास कुजबुजतात, ‘उपचारांची असतील, म्हणून नाजूक.’ हा समज टिकत नाही. नैसर्गिक जुळ्यांत एकाच बीजापासून दुभंगलेल्या जुळ्यांचे प्रमाण अधिक असते. त्यांतील पुष्कळांची वार एकच असते आणि एकाचे रक्त दुसऱ्याकडे ओढले जाण्याचा धोका असतो. उपचारांतील जुळी बहुधा दोन भ्रूणांची, दोन वारांची. त्यांच्या माता अनेकदा वयाने मोठ्या असतात, हे खरे. परंतु काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळाचे भवितव्य मुख्यतः ठरते ते किती आठवडे पोटात राहिले, वजन किती भरले आणि शुश्रूषा कशी मिळाली यांवर. माझ्या सेवाकाळात जन्मनोंदणीच्या अर्जात वजनाचा रकाना होता, गर्भकाळाच्या आठवड्यांचाही होता. गर्भधारणा कशी झाली, याचा नव्हता. सरकारी अर्जांची तरफदारी मी सहसा करीत नाही, पण तेथे अर्ज शहाणा होता.

मग दोहोंत नैतिक भेद काहीच नाही? आहे, पण तो बाळांत नाही, आधीच्या निर्णयात आहे. निसर्गाने दिलेल्या जुळ्यांची संख्या कोणी ठरविलेली नसते. प्रयोगशाळेत मात्र ‘एक की दोन’ हे माणूस ठरवितो, आणि धोका सोसणारे त्या बैठकीत हजर नसतात. ‘तसे केले नसते तर ती जन्मलीच नसती’ हा युक्तिवाद चतुर आहे. पण तो मान्य केला तर कोणताही निष्काळजीपणा क्षम्य ठरेल.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्कँडिनेव्हियन अभ्यासात ३६ वर्षांखालील स्त्रियांचे दोन गट होते. दोन भ्रूण एकदम ठेवलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के स्त्रियांना अपत्य झाले. आधी एक व गरज पडल्यास गोठविलेला दुसरा, असे केलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. पहिल्या गटातील प्रसूतींपैकी ३३ टक्के बहुगर्भ होत्या, दुसऱ्यात एक टक्काही नव्हत्या. स्वीडनने २००३ पासूनच एक भ्रूण हा सर्वसाधारण नियम केला होता.

पण तेथे उपचारांचा बराच भार सार्वजनिक निधी उचलतो. आपल्याकडे दागिने मोडून आलेल्या जोडप्याला ‘एकच ठेवा, पुन्हा या’ असे सांगणे म्हणजे पुन्हा पैसे उभे करा असे सांगणे होय. त्या चार टक्क्यांत आपणच असू, अशी भीती त्यांना वाटली तर त्यांना लोभी कसे म्हणावे? दोष द्यायचाच तर मी यशाची टक्केवारी फलकावर रंगवून मुदतपूर्व जन्मांचा आकडा झाकणाऱ्या दवाखान्याला देईन. त्या दोघांना दोन्ही आकडे एकाच कागदावर, मराठीत किंवा हिंदीत, सही करण्यापूर्वी वाचायला मिळावेत.