नाक्यावरचा शेजारी



गेल्या काही वर्षांत आपल्या धर्मग्रामात बॅटरीवर चालणाऱ्या दुचाक्या पुष्कळ दिसू लागल्या आहेत. धूर नाही, आवाज नाही, खर्च कमी. देवाच्या सृष्टीला कमी त्रास देणारे वाहन म्हणून आम्ही त्यांचे स्वागतच करतो. मात्र गेल्या महिन्यात सकाळच्या मिस्सानंतर नाक्यावर जे पाहिले, ते मनातून जात नाही.

अशाच गाडीवरून चाललेल्या एका तरुणाला मोटारीने कट मारला. "माणूस दिसत नाही का?" तो संतापून ओरडला. पुढच्याच क्षणी डावीकडे वळताना त्याची गाडी रस्ता ओलांडणाऱ्या एका वृद्ध मावशींना घासून गेली. आवाजच नव्हता, त्यामुळे गाडी आल्याचे त्यांना कळलेच नाही. थोडक्यात निभावले. त्या तरुणाचाच प्रश्न आता मावशींनी त्याला विचारायला हवा होता.

प्रभू येशूने सांगितलेला निर्दय चाकराचा दाखला आठवतो ना? धन्याने ज्याचे प्रचंड कर्ज माफ केले, त्यानेच बाहेर पडताच थोडक्या पैशांसाठी सोबत्याचा गळा धरला. नाक्यावर आपणही तेच करतो. मोटारीपुढे आपण दुर्बल असतो, म्हणून दया मागतो; पायी चालणाऱ्यापुढे आपण बलवान होतो आणि ती दया विसरतो. आम्ही स्वतः मोटारीत बसलो की पादचाऱ्यांवर हॉर्न वाजवतो आणि पायी निघालो की मोटारवाल्यांवर रागावतो!

पाव किलोवॉटहून कमी शक्तीच्या, ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या हलक्या गाडीला आपल्याकडे लायसन्स लागत नाही. म्हणून आपण ती निर्धास्तपणे मुलांच्या हाती देतो. पण ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७ मीटर. तेवढ्या वेळात म्हातारे माणूस जेमतेम एक पाऊल टाकते. कायद्याने लायसन्स माफ केले असेल, जबाबदारी माफ केलेली नाही.

"मुद्दाम केले नाही," असे आपण म्हणतो. संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा विचार केला होता. हातून नकळत कुणाचा जीव गेला, तरी घ्यायला हवी ती काळजी घेतली नसेल, तर माणूस दोषातून सुटत नाही, असे ते सांगतात. व्हॅटिकनने २००७ साली वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या. त्यांतली पहिली आज्ञा खून न करण्याची आहे आणि नववी रस्त्यावरील दुर्बलांचे रक्षण करण्याची.

तेव्हा मोटारवाल्यांनी वळण्याआधी आरशात दुचाकी पाहावी. दुचाकीवाल्यांनी नाक्यावर वेग कमी करावा, पादचाऱ्याने आपल्याला पाहिले आहे याची खात्री करावी आणि मगच पुढे जावे. पायी चालणाऱ्यांनी रस्ता ओलांडताना मोबाईल खिशात ठेवावा.

आज मिस्साहून परतताना आपल्यापेक्षा दुर्बल असलेल्या एकाला तरी आधी जाऊ देऊ या. प्रभू आपणा सर्वांना सुखरूप घरी पोहोचवो.

आपले धर्मगुरू