अंधाराची साक्ष

कॅमेरा खोटं बोलत नाही, असं म्हणायची रीत आहे. पण खोटं न बोलणं आणि पूर्ण खरं सांगणं, या दोन गोष्टी एकच आहेत का? वीज गेलेल्या शहराचं जुन्या भात्याच्या कॅमेऱ्यानं काढलेलं छायाचित्र पाहताना हा प्रश्न आम्हाला सोडत नाही.

१४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी अमेरिकेच्या ईशान्य भागाची आणि कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताची वीज गेली. सुमारे ५ कोटी माणसं त्यात सापडली. न्यूयॉर्कमध्ये भुयारी गाड्या बोगद्यांत थांबल्या, लिफ्ट मजल्यांच्या मधेच अडकल्या, माणसांचे लोंढे पूल ओलांडून पायी घराकडे निघाले. त्याच रात्री, एरवी शहराच्या झगमगाटात बुडालेले तारे लोकांना दिसले. एकाची अडचण ती दुसऱ्याची पर्वणी!

अशी रात्र मोठ्या कॅमेऱ्याला भुरळ घालणारीच. तिवईवर तो उभा करायचा, काळ्या कापडाखाली डोकं घालायचं, घासलेल्या काचेवर उलटं दिसणारं शहर चाचपडत नीट बसवायचं आणि ४ बाय ५ इंची फिल्मचा पत्रा आत सरकवायचा. मग झडप उघडून वाट पाहायची. मोजयंत्र एक मिनिट म्हणालं, तरी कित्येक फिल्मना त्याहून बराच जास्त वेळ द्यावा लागतो. मंद उजेडात वेळ लांबला की फिल्मची ग्रहणशक्ती घटत जाते.

या सबुरीतून इमारतीची वीट न् वीट उमटते. पण समोरून चालत गेलेला माणूस उमटत नाही. कंदील घेऊन कुणी जिना चढला, तर उजेडाची रेघ राहते. कंदील धरणारा हात राहत नाही. १८३८ साली दागेरनं पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचं चित्र भरदिवसा घेतलं, तेव्हाही हेच झालं. गाड्या, घोडे, माणसं सारी पुसली गेली. बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस तेवढा ठळक उरला. त्याचे बूट पुसणारा मात्र जेमतेम ओळखू येतो.

आम्हाला इथं इब्न अल-हैथम आठवतो. हजार वर्षांपूर्वी त्यानं अंधाऱ्या खोलीच्या छिद्राबाहेर अनेक दिवे ठेवून पाहिले. प्रत्येक दिव्याचा ठिपका आत वेगळा पडला. एक दिवा झाकला, की फक्त त्याचाच ठिपका नाहीसा झाला. प्रकाश कुणाचं कुणात मिसळत नाही. कुणाचा दिवा झाकला गेला, हे विचारणं मात्र पाहणाऱ्याचं काम.

आपला इतिहासही असाच लांबलेल्या उघडझापीचा आहे. किल्ले, महाल, घुमट जागचे हलले नाहीत, म्हणून ठळक उमटले. पखाल घेऊन धावणारा भिश्ती, दारोदार फिरणारा पिंजारी, डोक्यावर पाटी घेतलेली फेरीवाली. यांचा माग लागत नाही. ते नव्हते म्हणून नव्हे. त्यांना थांबायला फुरसत नव्हती म्हणून.

मग अंधाराचं सौंदर्य टिपूच नये का? तसं आम्ही म्हणणार नाही. तारे पाहणं गुन्हा नाही. महाराष्ट्रातल्या भारनियमनाच्या रात्री आपणही अंगणात बसून ते पाहिलेच की. घरात पोरं चिमणीच्या उजेडात परीक्षेचा अभ्यास करत होती, हेही तितकंच खरं. दोन्ही खरं असताना एकच सांगणं, एवढंच गैर.

गवाही देणाऱ्यानं आपण कुठं उभे होतो, किती वेळ पाहिलं आणि काय दिसू शकत नव्हतं, हेही सांगावं लागतं. तोच नियम कॅमेरावाल्याला लागू आहे. त्यानं चित्राखाली एवढंच लिहावं: झडप इतकी मिनिटं उघडी होती. मग सुजाण वाचक त्या रिकाम्या रस्त्याला रिकामा समजणार नाही. तिथून कोण कोण गेलं असेल, याचा तो शोध घेईल. इन्साफाची सुरुवात एवढ्या शंकेपासूनही होऊ शकते.