सही झाल्यानंतर

बोइंगने एअर इंडियासाठी नागपूरच्या मिहानमध्ये बांधलेल्या दुरुस्ती केंद्रात २०१५ पासून मोठमोठी विमानं उघडली जातात, तपासली जातात आणि पुन्हा उडायला पाठवली जातात. हँगरमध्ये आयुष्य गेलेले एक निवृत्त इंजिनिअर आणि को-पायलट असलेली त्यांची भाची यांची अशा दुरुस्तीनंतरच्या तपासणीवरून एका संध्याकाळी जुंपली. मी मध्ये बसलो होतो.

भाची : मामा, तुमची सही झाल्याशिवाय विमान हँगरबाहेर निघत नाही. मग कॉकपिटमध्ये बसून मी प्रत्येक स्विच पुन्हा का पाहायचा? सहीला अर्थ असेल तर माझं तपासणं फुकट. नसेल तर सही कशाला?

मामा : सही म्हणते, माझं काम झालं. तुझी तयारी झाली असं कुठे म्हणते ती? कामासाठी आम्हाला ब्रेकर ओढावे लागतात, स्विच भलत्याच जागी न्यावे लागतात. रंगारी येऊन गेला की कपाट खिडकीपाशी सापडतं, त्यात रंगाऱ्याची चूक नसते. हेलिओसचा अपघात आठव. १४ ऑगस्ट २००५, लार्नाकाहून अथेन्सला निघालेलं ७३७. उड्डाणाआधी इंजिनिअरने केबिनची गळती तपासायला प्रेशरायझेशनचा स्विच मॅन्युअलवर नेला. त्याच्या कामाला तो तिथेच हवा होता, उडायला ऑटोवर. तो मॅन्युअलवरच राहिला. विमान चढत गेलं, आतली हवा विरळ होत गेली, वैमानिक बेशुद्ध पडले. १२१ माणसं गेली.

भाची : पण तो स्विच वैमानिकांच्या नजरेखालून तीनदा गेला होता. निघायच्या आधी दोनदा, टेकऑफनंतर एकदा. तीनदा पाहून जे दिसलं नाही ते चौथ्यांदा पाहा, हे कसलं उत्तर?

मामा : त्यात मॅन्युअलचा दिवा हिरवा. हिरवं दिसलं की डोळा पुढे सरकतो.

भाची : मग संशय कोणावर घ्यायचा? तुमच्यावर की माझ्या डोळ्यांवर?

मामा : माझ्यावर घे ना बेटा. मला राग नाही येत.

येतो. जन्मभर नीट काम केलेल्या माणसाला तो यायलाच हवा, आणि त्यांच्या आवाजात तो होताही. पण भाचीने तो धागा धरला नाही, ते बरंच झालं.

भाची : तुमच्यावर घेऊन काही साधत नाही. २० मार्च २००१, फ्रँकफर्ट, लुफ्तान्साचं ए३२०. दुरुस्तीत कॅप्टनच्या साइडस्टिकच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. निघण्याआधी कंट्रोल चेक झाला. स्टिक हलवली, पंखांवरचे एलेरॉन हलले, पुढे चला. कुठल्या बाजूला हलले, हे ध्यानात आलं नाही. टेकऑफला विमान डावीकडे कललं. कॅप्टनने स्टिक उजवीकडे नेली, तसं ते आणखी डावीकडे गेलं. पंखाचं टोक जमिनीला टेकायचंच बाकी होतं.

मामा : वाचवलं को-पायलटने! म्हणूनच दोन माणसं लागतात. आमच्याकडेही कंट्रोलचं काम झालं की दुसरा माणूस येऊन वेगळं तपासतो.

भाची : दोघं असले की प्रत्येक जण अर्धंच पाहतो. ‘त्याने पाहिलं असेल.’ तो को-पायलट जास्त बारकाईने पाहत होता म्हणून विमान वाचलं नाही, मामा. त्याने झटकन ताबा घेतला हे खरंच, पण त्याची स्टिक बरोबर जोडलेली होती.

मामा जरा थांबले. मग त्यांनी विचारलं, ‘‘बरं, तू कसं पाहशील?’’

भाची : उत्तर आधी मनात ठरवीन, मग पडद्याकडे पाहीन. स्टिक डावीकडे, तर डावा एलेरॉन वर, उजवा खाली. नुसतं ‘हलतंय ना’ नाही. स्विचवर बोट ठेवून तो कुठे आहे ते वाचीन, कुठे असायला हवा ते नाही.

मामा : रोज? दिवसाला चार उड्डाणं असली तरी?

भाची : तिथेच तर अडतं. फक्त दुरुस्तीनंतर असं पाहिलं, तर बाकीचे दिवस मी चेकलिस्ट नुसती म्हणतेय. रोज असं पाहायचं म्हटलं, तर महिन्याभरात त्याचाही मंत्र होईल.

मामा : तरी रोज पाहावंच लागेल. सगळं काही हँगरवर ढकलता येत नाही. २० सप्टेंबर २०१८ चं मुंबई-जयपूर घे, जेट एअरवेजचं. केबिनला हवा देणारे ब्लीडचे स्विच चालू करायचे राहिले. १६६ प्रवासी, कित्येकांच्या नाका-कानांतून रक्त. विमान मुंबईला परत आणावं लागलं.

मंत्र व्हायचा तो होणारच, असं मला वाटतं. निश्चयाने तो मोडत नाही. हँगरमधून आलेल्या विमानापुरता तो मोडायचा तर बाहेरून काहीतरी द्यावं लागेल, आणि देण्यासारखी गोष्ट म्हणजे वेळ. भाचीही तिथेच आली.

भाची : त्या दिवशी मला वीस मिनिटं जास्त हवीत. उशिराचं कारण काय सांगू? पाऊस हे कारण आहे, बिघाड हे कारण आहे. ‘सगळं पाहिलं, काही सापडलं नाही’ याला कारण कोण म्हणेल?

मामा : मेंटेनन्सच्या नावावर टाक.

भाची : तुमचं काम वेळेत झालेलं असताना?

मामा : मग तुझ्या नावावर.

भाची : किती वेळा?

मामा : ते राहू दे. त्या वीस मिनिटांत आधी काय पाहशील?

भाची : टेक लॉग. तुम्ही कशाकशाला हात लावला ते वाचीन.

मामा : आणि लिहायचं राहून गेलं असेल ते?

भाची : त्याच्यासाठीच तर वीस मिनिटं मागतेय. वाचायला पाच पुरतात.