नदीचा रकाना

आमच्या आडनावांत एक अख्खा दफ्तरखाना दडलेला आहे. फडणीस, मुजुमदार, पोतनीस, सबनीस, चिटणीस, कारखानीस ही नावे लष्करातील जुन्या घरांच्या दारांवर आजही वाचावयास मिळतात. इ. स. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि त्या छावणीचेच शहर झाले. या छावणीबरोबर आमचे पूर्वज तलवार घेऊन आले, तसे बोरू आणि दौत घेऊनही आले. त्यांच्या कामाची वाटणी मोठी विचारपूर्वक केलेली होती. रोकड पोतनीसाच्या ताब्यात, हिशेब फडणीसाच्या हाती आणि तो तपासण्याचा अधिकार मुजुमदाराकडे. ज्याच्या हाती पैसा त्यानेच त्याचा हिशेब लिहावा आणि त्यानेच तो बरोबर असल्याचे सांगावे, ही सोय त्या व्यवस्थेने कोणालाही दिली नव्हती. माणसे वाईट असतात म्हणून नव्हे, तर स्वतःविषयी लिहिताना चांगल्या माणसाचाही हात किंचित वळतो, हे त्या व्यवस्थेला ठाऊक होते म्हणून.

या गोष्टीची आठवण होण्याचे कारण म्हणजे हिशेबाचा एक नवा प्रकार. मोठ्या कंपन्या आता नफ्यातोट्याच्या पत्रकाबरोबर आणखी एक दस्तऐवज काढतात. किती पाणी घेतले, किती सांडपाणी सोडले, हवेत काय मिसळले, किती कामगार जखमी झाले, आसपासच्या वस्तीशी कसे वागलो, याचा तो वृत्तान्त असतो. त्याला शाश्वतता अहवाल म्हणतात. अशा अहवालांना जागतिक चौकट देण्यासाठी १९९७ मध्ये बोस्टन येथे ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह ही संस्था सुरू झाली आणि २००० मध्ये तिची पहिली मार्गदर्शक तत्त्वे आली. आपल्याकडे ‘सेबी’ने २०१२ मध्ये पहिल्या १०० नोंदणीकृत कंपन्यांना व्यवसाय उत्तरदायित्व अहवाल बंधनकारक केला. २०२१ मध्ये त्याची जागा ‘बीआरएसआर’ या अधिक विस्तृत नमुन्याने घेतली आणि २०२२-२३ पासून तो पहिल्या १००० कंपन्यांना लागू झाला. तीन विभाग, नऊ तत्त्वे आणि पुष्कळसे रकाने असे त्याचे स्वरूप आहे. हा अहवाल परिणामकारक कसा करावा, त्याची मांडणी कशी असावी, हे सांगणारा एक व्यवसायच आता उभा राहिला आहे. आमचा प्रश्न मात्र त्याच्या अलीकडचा आहे. अहवालातील प्रत्येक आकडा खरा असूनही अहवाल खोटा असू शकतो काय?

हा प्रश्न आम्हा ग्वाल्हेरकरांना परका नाही. १९२१ मध्ये घनश्यामदास बिर्ला यांनी येथे जियाजीराव कॉटन मिल्स सुरू केली. हजिऱ्यापलीकडे बिर्लानगर वसले आणि गिरणीच्या भोंग्यावर घड्याळे लावणारी एक पिढी वाढली. नव्वदीच्या दशकात ती गिरणी बंद पडली. त्यापूर्वी २५ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी, ‘ग्वालियर रेयॉन सिल्क मॅन्युफॅक्चरिंग (वीव्हिंग) कंपनी’ स्थापन झाली. १९८६ मध्ये तिचे नाव ‘ग्रासिम’ झाले. त्या नावातील पहिले अक्षर म्हणजे आमचे शहर. शहर आद्याक्षरापुरते उरले, पण दूर केरळात मात्र ते पूर्ण उच्चारले जात राहिले. कोळिकोड जिल्ह्यात चालियार नदीकाठी मावूर येथे या कंपनीचा लगदा आणि धाग्याचा कारखाना होता. तेथील लोक त्याला ‘ग्वालियर रेयॉन्स’ म्हणूनच ओळखत. आमच्या गावचे नाव एका नदीच्या दुःखाशी असे जोडले गेले आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांना त्याची वार्ताही नाही.

१९६३ मध्ये हा कारखाना सुरू झाला. राज्याला उद्योग हवा होता. सरकारने अत्यल्प दराने बांबू देऊ केला. हजारो हातांना काम मिळाले. सांडपाणी चालियारमध्ये जाऊ लागले. मासे मरू लागले, आणि पलीकडच्या तीरावरील वाळक्काड गावातून तक्रारी उठल्या. त्या गावच्या पंचायतीचे अध्यक्ष के. ए. रहमान यांनी या लढ्यात आयुष्य घातले आणि १९९९ मध्ये ते कर्करोगाने गेले. पण कथेची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९८५ ते १९८८ या काळात कामगारांच्या वादातून कारखाना बंद राहिला, तेव्हा उपासमारीने पिचलेल्या काही कामगारांनी आत्महत्या केल्या. कारखाना पुन्हा सुरू व्हावा म्हणूनही तेथे आंदोलने झाली. अखेर २००१ मध्ये तो कायमचा बंद झाला. कारखाना चालला तर नदी मरत होती, आणि बंद पडला तर माणसे. ज्याला हा हिशेब सोपा वाटतो, त्याने तो नीट मांडलेला नाही, असे आम्ही म्हणू.

त्या काळी असा अहवाल देण्याचे बंधन कोणावर नव्हते. पण असते तर तो कसा लिहिला गेला असता, याची कल्पना करून पाहणे बोधप्रद ठरेल. कोण्या एका कारखान्याचे उदाहरण घेऊ. पहिल्या वर्षी तो १०० टन माल काढतो आणि दर टनामागे १० माप पाणी वापरतो. पाच वर्षांनी तो १५० टन माल काढतो आणि दर टनामागे ८ माप पाणी वापरतो. अहवालात ठळक टाइपात छापले जाते: ‘पाण्याच्या वापरात २० टक्के घट.’ विधान खरे आहे. पण नदीतून पूर्वी १००० माप पाणी जात होते, ते आता १२०० माप जाते. नदीला दर टन कळत नाही. तिला कळते ते एकूण. त्याचप्रमाणे तुलनेसाठी सर्वांत वाईट वर्ष निवडले की पुढचे प्रत्येक वर्ष प्रगतीचे दिसते. धोक्याचे काम ठेकेदाराकडे सोपवले की अपघातही त्याच्याच वहीत जातात. मुखपृष्ठावर झाडाचे रोप हातात धरलेले मूल छापले की आतील कोष्टक उघडण्याची घाई कोणाला राहत नाही. यांत एकही शब्द असत्य नाही. तरीही वाचणाऱ्याच्या मनात जे उमटते ते असत्य आहे, आणि ते तसे उमटावे अशीच योजना आहे. आमच्या मते असत्याचे वास्तव्य शब्दांपेक्षा या योजनेत अधिक असते.

मग चांगला अहवाल कोणता? ज्याचे पाणी जाते तो ज्यात स्वतःचा रकाना शोधू शकेल, तो. एकूण आणि दर टन हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी असावेत. गेल्या वर्षी जे योजिले होते आणि साधले नाही, ते याही वर्षी त्याच जागी दिसावे. चुपचाप गळू नये. नदीकाठच्या माणसाला कळेल अशा त्याच्या भाषेत त्याचा सारांश असावा. आणि लिहिणारा व तपासणारा एक नसावा. २०२३ मध्ये ‘सेबी’ने निवडक बाबींच्या त्रयस्थ पडताळणीची सुरुवात पहिल्या १५० कंपन्यांपासून केली, तेव्हा आम्हांस आमचे जुने मुजुमदार आठवले.

यावर एक आक्षेप असा येतो, की नियमाच्या धाकाने सांगितलेल्या सत्याला नैतिक मोल ते काय? इमान्युएल कांटने १७८५ च्या आपल्या नीतिशास्त्रविषयक ग्रंथात वाण्याचे उदाहरण दिले आहे. गिऱ्हाईक टिकावे म्हणून जो वाणी सर्वांना एकच भाव लावतो, त्याचे वर्तन योग्य असते, पण त्याला कर्तव्यबुद्धीचे श्रेय मिळत नाही. हे आम्हांस मान्य आहे. परंतु अहवाल हा कंपनीच्या अंतःकरणाची परीक्षा घेण्यासाठी नसतोच. खालच्या अंगाला राहणाऱ्या कोळ्याला कंपनीच्या हेतूशी कर्तव्य नाही. पाण्यात काय आहे, एवढेच त्याला हवे आहे. श्रेय मिळो न मिळो, माहिती हा त्याचा हक्क आहे. गांधीजींनी धनवंतांना विश्वस्त व्हा असे सांगितले. त्यांच्या आयुष्याचे अखेरचे दिवस दिल्लीच्या बिर्ला भवनातच गेले. विश्वस्त या शब्दाचा आपण दानशूर असा सैल अर्थ करतो. वस्तुतः विश्वस्त म्हणजे ज्याला हिशेब द्यावाच लागतो तो. दान हे मर्जीचे असते. हिशेब मर्जीचा नसतो.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. जो प्रामाणिकपणे आपली चूक छापील तो बाजारात मार खाईल आणि झाकणारा तरून जाईल. असे घडते, हे नाकारता येत नाही. म्हणूनच रकाने सर्वांना सारखे हवेत. परंतु येथे दोष वाचणाऱ्याकडेही येतो. कबुलीला शिक्षा आणि सजावटीला शाबासकी देणारा वाचक स्वतःसाठी खोटे अहवालच मागवून घेतो.

हे लिहीत असता आमचेच हात थबकले. आमच्या मंडळाचे वार्षिक अहवाल लिहिण्याचे काम आम्ही बरीच वर्षे केले आहे. ‘कार्यक्रम रसिकांच्या उपस्थितीत उत्साहाने पार पडला’ हे वाक्य आम्ही अनेकदा लिहिले. एका वर्षी ते लिहिले तेव्हा सभागृहात अकरा श्रोते होते आणि त्यांतील चौघे कार्यकारिणीचे. रसिक होते, उत्साहही होता. वाक्य खरेच होते. आजीव सभासदांची संख्या आम्ही दरवर्षी अभिमानाने छापली. त्यांपैकी किती हयात आहेत आणि किती घरांतील नातवंडे हे नियतकालिक वाचू शकतात, हा रकाना आम्ही कधी आखलाच नाही. आखला असता तर लाज वाटली असती. पण कदाचित वीस वर्षांपूर्वीच मुलांसाठी मराठीचा वर्ग सुरू झाला असता. न लिहिलेला आकडा कोणाला दुखवत नाही, आणि कोणाला जागेही करत नाही. संस्था टिकून राहणे हा तर या अहवालांचा मूळ विषय. आम्ही तोच वगळत आलो.

फूलबागेजवळून, झाशीच्या राणीच्या समाधीच्या बाजूने, स्वर्णरेखा जाते. आज तिला नदी म्हणावयास जीभ रेटत नाही. शहराचे सांडपाणी तिच्यातून वाहते. तिच्या या अवस्थेचा जाब विचारण्यासाठी एखादी कंपनी शोधण्याचे कारण नाही. ते पाणी आमच्याच मोऱ्यांतून गेले आहे, आणि त्याचा अहवाल आमच्याकडून कोणी मागितलेला नाही. दुसऱ्याच्या हिशेबात नदीचा रकाना शोधताना आपल्या वहीतही तो आखून घ्यावा, इतकेच आम्ही सुचवू इच्छितो. या वर्षीच्या आमच्या अहवालात दोन आकडे नवे असतील: प्रत्यक्ष उपस्थित श्रोते, आणि मराठी वाचू शकणारी पंचवीस वर्षांखालील मुले. ते लिहील एक जण आणि मोजील दुसरा. आकडे लहान असतील. वाचकांनी ते तसेच वाचावेत, ही विनंती.