स्प्रिंग हिलने दिलेला शब्द

१९९१ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या सॅटर्न या नव्या मोटार कंपनीच्या लक्षात आलं की, कारखान्यातून बाहेर पडलेल्या अठराशेहून अधिक गाड्यांत सदोष कूलंट भरलं गेलं आहे. दोष पुरवठादाराकडूनच आला होता, पण त्याने इंजिन आतून गंजणार होतं. अशा वेळी मोटार कंपन्या काय करतात ते आपल्याला ठाऊक आहे. गाडी वर्कशॉपला आणायला सांगतात, कूलंट बदलून देतात आणि पुढे काही झालं तर वॉरंटीच्या अटी वाचून दाखवतात. सॅटर्नने गाड्याच बदलून दिल्या. ज्यांच्या दारात ती गाडी पोचली होती, त्यांना तिच्या जागी नवी कोरी गाडी मिळाली. तेव्हा विक्री सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं आणि कंपनी तोट्यात होती.

ही कंपनी आज नाही. १९९० ते २०१० अशी वीस वर्षं तिच्या गाड्या विकल्या गेल्या. अमेरिकेत बंद पडलेल्या मोटारींच्या नावांची रांग मोठी आहे: पॅकार्ड, स्टुडबेकर, हडसन, प्लिमथ, ओल्ड्समोबील, पॉन्टियाक. त्यांतल्या बहुतेकांची आठवण निघते ती रूपासाठी, वेगासाठी किंवा जुन्या ऐटीसाठी. सॅटर्न दिसायला साधी होती, चालायला बरी होती आणि तिच्या इंजिनाचा आवाज कानाला खुपायचा. तरीही तिच्या मालकांनी तिला जीव लावला. माझ्या मते त्यांचा जीव जडला होता तो कंपनीच्या वागणुकीवर. ती वागणूक कुठून आली, कशाच्या आधारावर टिकली आणि तो आधार काढून घेतल्यावर तिचं काय झालं, हे समजून घेणं आपल्याही उपयोगाचं आहे.

१९८० च्या दशकाच्या आरंभी जनरल मोटर्स पेचात सापडली होती. टोयोटा, होंडा, निसान यांच्या छोट्या गाड्या कमी पेट्रोलवर चालत, कमी बिघडत आणि कमी खर्चात तयार होत. तशी गाडी अमेरिकेत बनवता येईल का, हा विचार कंपनीत १९८२ पासून सुरू झाला आणि त्या प्रकल्पाला नाव मिळालं ते चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न रॉकेटचं. या प्रश्नाचं उत्तर शोधण्याची जबाबदारी १९८४ मध्ये ९९ जणांच्या एका गटावर सोपवली गेली. त्यात व्यवस्थापक होते, इंजिनिअर होते, तसेच युनायटेड ऑटो वर्कर्स या कामगार संघटनेचे लोकही होते. देशोदेशीचे कारखाने पाहून आल्यावर त्यांनी जे मांडलं, त्यात यंत्रांपेक्षा माणसांबद्दल जास्त होतं. जपानी गाडीची खरी ताकद कारखान्यातल्या माणसांच्या एकमेकांवरच्या भरवशात आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

७ जानेवारी १९८५ रोजी जनरल मोटर्सचे अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी सॅटर्न कॉर्पोरेशनची घोषणा केली. कारखान्यासाठी टेनेसी राज्यातलं स्प्रिंग हिल हे शेतीवाडीचं गाव निवडलं गेलं. व्यवस्थापन आणि युनियन यांच्यात जो करार झाला, तो त्या उद्योगाने कधी पाहिला नव्हता. जनरल मोटर्सचा देशभरचा करार शेकडो पानांचा, कलमं आणि पोटकलमं यांनी भरलेला. सॅटर्नचा करार एखाद्या पुस्तिकेएवढा होता. सहा ते पंधरा जणांचा एक गट आपलं काम आपण वाटून घेई, नवा सहकारी आपण निवडी, दर्जा आपण तपासी. पगाराचा काही भाग प्रशिक्षण, दर्जा आणि नफा यांच्याशी बांधलेला होता. वरच्या पातळीवर युनियनचा एक माणूस आणि व्यवस्थापनाचा एक माणूस अशी जोडी मिळून विभाग चालवी. निर्णय मतदानाने होत नसे. प्रत्येकाला तो किमान सत्तर टक्के पटला पाहिजे, पण एकदा ठरला की शंभर टक्के पाळला पाहिजे, हा तिथला नियम होता. या नियमाकडे आपण पुढे पुन्हा येऊ, कारण सगळी कहाणी त्याच्याभोवती फिरते.

३० जुलै १९९० रोजी पहिली गाडी बाहेर पडली. तिच्यात रॉजर स्मिथ यांच्या शेजारी युनियनचे अध्यक्ष ओवेन बीबर बसले होते. गाडीचा सांगाडा पोलादी, पण दारं आणि पुढचे-मागचे पत्रे पॉलिमरचे होते. पार्किंगमध्ये कुणाच्या ट्रॉलीचा धक्का बसला तर पत्रा आत जायचा आणि पुन्हा सरळ व्हायचा. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि गाड्या दारांच्या कडांपासून गंजू लागतात. सॅटर्नची दारं पंधरा-वीस वर्षांनीही शाबूत दिसत, पण खालच्या पोलादाला मात्र गंज चुकला नाही. उन्हाने पॉलिमर फुगतं म्हणून पत्र्यांमधल्या फटी जरा रुंद ठेवाव्या लागत, आणि जपानी गाडीच्या काटेकोर जोडणीची सवय असलेल्यांना ते खटके. जुनी झालेली गाडी ऑइल पिई. पेट्रोल भरताना दांडी काढून ऑइलची पातळी बघायची, ही सॅटर्नवाल्यांची अंगवळणी पडलेली सवय होती. ही सगळी वैगुण्यं मालकांना ठाऊक होती. त्यांनी ती सोसली, कारण गाडी घेताना त्यांना जे मिळालं होतं ते आधी कुठल्याच शोरूममध्ये मिळालं नव्हतं.

अमेरिकेत गाडी विकत घेणं म्हणजे अर्धा-पाऊण दिवसाची घासाघीस. ज्याला बोलता येतं त्याला स्वस्त, आणि ज्याला बोलता येत नाही किंवा जिला दुकानदार गंभीरपणे घेत नाही, तिला महाग. सॅटर्नच्या शोरूममध्ये किंमत लिहिलेली असे आणि ती सर्वांना एकच असे. एका भागात एकाच डीलरला हक्क असल्याने शेजारच्या डीलरशी चढाओढही नव्हती. विक्रेत्याला पगार मिळे, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या गळ्यात नको त्या गोष्टी मारायची त्याला गरज नसे. गाडी ताब्यात देताना शोरूममधली माणसं हातातलं काम टाकून गोळा होत, टाळ्या वाजवत, मालकाचा गाडीसोबत फोटो काढत. यात एक प्रकारचं खरं न्यायाचं तत्त्व होतं. बाईला, तरुणाला, बोलण्यात कच्च्या असलेल्या माणसाला कुणी कमी लेखणार नाही याची हमी त्या लिहिलेल्या किमतीत होती. १९९२ मध्ये ग्राहकांच्या समाधानाच्या पाहणीत सॅटर्न तिसरी आली, तेव्हा तिच्या पुढे लेक्सस आणि इन्फिनिटी या दोनच गाड्या होत्या. दोन्ही तिच्यापेक्षा कितीतरी महाग होत्या.

सान फ्रान्सिस्कोच्या हॅल रायनी यांच्या संस्थेने जाहिराती केल्या. त्यांत कारखान्यातले कामगार आणि खरेखुरे मालक बोलत. अलास्कातल्या एका मालकिणीच्या गाडीची सीट सदोष निघाली, तेव्हा नवी सीट घेऊन कंपनीचा तंत्रज्ञ थेट तिच्याकडे गेला, ही गोष्ट अशाच एका जाहिरातीने घरोघरी नेली. मग १९९४ च्या जूनमध्ये कंपनीने सगळ्या मालकांना कारखाना पाहायला बोलावलं. गावच्या जत्रेला परगावी गेलेली माणसं परतावीत तसे सुमारे ४४,००० लोक स्प्रिंग हिलला आले. वादळी पावसाने कार्यक्रमांची दैना केली, तरी आपली गाडी ज्या हातांनी जोडली त्या हातांना भेटून माणसं परतली. त्याच वर्षी सुमारे २,८६,००० गाड्या खपल्या. तो आकडा सॅटर्नने पुन्हा कधी गाठला नाही.

हे सगळं जाहिरातबाजीचं कसब होतं, असं म्हणणारे तेव्हाही होते. त्यांना मी कारखान्यातला एक प्रसंग सांगेन. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सचे नवे अध्यक्ष रॉबर्ट स्टेम्पेल स्प्रिंग हिलला आले, तेव्हा कामगारांनी दंडाला फिती बांधून निषेध केला. दर्जाला मुरड घालून उत्पादन वाढवायचा दबाव येतो आहे, ही त्यांची तक्रार होती. पगारासाठी आंदोलन आपण पाहिलेलं असतं. सदोष गाडी आमच्या हातून बाहेर जाता कामा नये म्हणून आंदोलन करणारा कामगार हा सॅटर्नच्या वागणुकीचा पाया होता. शोरूममधल्या टाळ्यांमागे ही माणसं उभी होती, म्हणून त्या टाळ्या पोकळ वाटल्या नाहीत.

पाया इतका पक्का असताना इमारत का कोसळली? पहिलं कारण पैशाचं. छोट्या गाडीत नफा कमी, आणि स्प्रिंग हिलवर झालेला अब्जावधी डॉलरचा खर्च कधीच भरून निघाला नाही. पहिला वार्षिक नफा १९९३ मध्ये दिसला, तोही चालू खर्चापुरता. ही बाजू खरी आहे आणि सॅटर्नच्या चाहत्यांनी ती टाळू नये. दुसरं कारण भाऊबंदकीचं. शेवरोलेचे आणि ओल्ड्समोबीलचे लोक विचारत होते की, आमच्या वाट्याचा पैसा या टेनेसीतल्या लाडक्याला का? युनियनच्या वरच्या फळीतही अनेकांना तो छोटा करार डोळ्यांत खुपत होता. तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. सॅटर्न जन्माला घातली होती ती जनरल मोटर्सला शिकवण्यासाठी, आणि जनरल मोटर्सने तिच्याकडून शिकण्याऐवजी तिला स्वतःसारखं केलं.

नव्वदचं दशक संपेपर्यंत सॅटर्नकडे मूळ एकच छोटी गाडी होती. ज्यांनी लग्नाआधी ती घेतली त्यांना दोन मुलं झाल्यावर मोठी गाडी हवी होती. ती सॅटर्नमध्ये नव्हती, म्हणून माणसं नाइलाजाने होंडाकडे आणि टोयोटाकडे गेली. अखेर १९९९ मध्ये मोठी गाडी आली, ती युरोपातल्या ओपेलच्या साच्यावर बेतलेली आणि स्प्रिंग हिलऐवजी डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टनला बनवलेली. पुढच्या व्ह्यू या गाडीतल्या नव्या स्वयंचलित गिअरबॉक्सने इतका त्रास दिला की त्याची वॉरंटी वाढवून द्यावी लागली. २००३ च्या अखेरीस स्प्रिंग हिलच्या कामगारांनी आपला स्वतंत्र करार सोडून देशभरचा करार स्वीकारला. २००७ मध्ये तिथे सॅटर्न बनणंच थांबलं. त्याच वर्षी ऑरा या सॅटर्न गाडीला उत्तर अमेरिकेतल्या वर्षातल्या सर्वोत्तम गाडीचा मान मिळाला. कंपनीला वाटलं, गाडी चांगली, बिल्ला लोकप्रिय, आता काय हवं? पण ज्या हातांना भेटायला माणसं आली होती, ते हात या गाडीला लागले नव्हते.

आता त्या सत्तर आणि शंभर टक्क्यांच्या नियमाकडे परत येऊ. २०१४ मध्ये जनरल मोटर्सला इग्निशन स्विचमधल्या दोषामुळे सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. चालत्या गाडीत किल्ली घसरे, इंजिन बंद पडे आणि धडक झाली तर एअरबॅग उघडत नसत. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यू या दोषाशी जोडले. या गाड्यांत २००३ ते २००७ ची सॅटर्न आयॉन होती, आणि त्या स्विचची तक्रार आयॉन तयार होत असताना, २००१ मध्येच, कंपनीच्या कागदांत नोंदलेली होती. कंपनीने वकील अँटन वलुकस यांच्याकडून चौकशी करवून घेतली. त्यांच्या अहवालात एका कार्यपद्धतीचं वर्णन आहे: बैठकीत सगळे उपायाला होकार देतात, माना डोलावतात आणि बाहेर पडल्यावर कुणीही काही करत नाही. कूलंटसाठी गाड्या बदलून देणारी कंपनी आणि तेरा वर्षं स्विचवर माना डोलावणारी कंपनी, दोन्हींच्या गाड्यांवर बिल्ला एकच होता. फरक इतकाच की पहिल्या वेळी निर्णय पाळण्याचं बंधन प्रत्येकावर होतं आणि दुसऱ्या वेळी ते कुणावरच नव्हतं.

स्विचची ही गोष्ट बाहेर आली तेव्हा सॅटर्न बंद होऊन तीन-चार वर्षं झाली होती. जून २००९ मध्ये जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. उद्योजक रॉजर पेन्स्की सॅटर्न विकत घेणार होते, पण त्यांच्यासाठी पुढे गाड्या बनवून देण्याची रेनोशी चाललेली बोलणी फिसकटली आणि ३० सप्टेंबर २००९ रोजी व्यवहार मोडला. २०१० च्या ऑक्टोबरपर्यंत शोरूम बंद झाली. मालकांची वॉरंटी जनरल मोटर्सच्या इतर डीलरांनी सांभाळली. पण पुढे पॉलिमरच्या पत्र्यांसारख्या सुट्या भागांसाठी भंगाराची दुकानं धुंडाळणं त्यांच्या नशिबी आलं. एकाच्या गाडीचा दरवाजा दुसऱ्याच्या कामी येऊ लागला. कंपनी गेल्यावरही मालकांनी एकमेकांशी जोडलेलं नातं टिकवलं, आणि जुन्या गाड्या रस्त्यावर राहिल्या त्या बऱ्याच अंशी याच नात्यामुळे.

महाराष्ट्राला ही कंपनी परकी नाही. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती. पुढे २००८ मध्ये तळेगावला तिचा आधुनिक कारखाना उभा राहिला. २०१७ च्या अखेरीस शेवरोलेची भारतातली विक्री थांबली, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावातून शेवटची गाडी बाहेर पडली, आणि कामगारांचा प्रश्न त्यानंतरही बराच काळ धुमसत राहिला. आपल्याकडे कारखाना येतो तेव्हा चर्चा होते ती जमिनीची, सवलतींची आणि रोजगाराच्या आकड्यांची. आत काम करणाऱ्याचा निर्णयात वाटा किती, आणि गाडी घेणाऱ्याला दिलेला शब्द कंपनी गेल्यावर कुणी पाळायचा, हे प्रश्न करारात क्वचितच येतात.

सॅटर्नकडून शिकायचं ते हेच. कंपनीचा चांगुलपणा एखाद्या अध्यक्षाच्या मर्जीवर उभा असेल तर तो अध्यक्षासोबत जातो. स्प्रिंग हिलला तो काही वर्षं टिकला, कारण कामगाराला तो मागण्याचा लेखी हक्क होता. तो हक्क मोडला, आणि चांगुलपणाची फक्त जाहिरात उरली. मालकांना तर असा हक्क कधी मिळालाच नव्हता. ४४,००० जणांना पाहुणे म्हणून बोलावलं, पण कारखान्यातून सॅटर्न हलवताना, बिल्ला विकायला काढताना आणि शेवटी बंद करताना त्यांना कुणी विचारलं नाही. ज्यांच्या विश्वासावर धंदा उभा राहतो, त्यांना त्या विश्वासाच्या व्यवहारात बोलण्याचा अधिकार हवा, आणि तो कागदावर हवा. तळेगाव असो की चाकण, पुढचा कारखाना येईल तेव्हा सवलतींच्या यादीशेजारी ही दोन कलमंही आपण मागितली पाहिजेत.